हिरवं विरजण

माझ्या सासूबाईंना दोन गोष्टींचा मनापासून राग आहे. एक गोदामं आणि दुसरं शेवाळ. गोदामांचं त्या काही वाकडं करू शकत नाहीत, त्यामुळे दोन्हींचा मिळून राग शेवाळावर निघतो. मोरीत, टाकीत, म्हशींच्या हौदात कुठे हिरव्या रंगाचा नुसता भास झाला, तरी त्या काथ्या आणि राख घेऊन बसतात आणि सिमेंट उघडं पडेपर्यंत उठत नाहीत. आमच्या हौदाचा तळ घासून घासून इतका पातळ झालाय की एक दिवस म्हैस त्यातून पाताळात जाईल, असं माझा नवरा म्हणतो. अशा बाईला मी एके दिवशी सांगितलं, की आई, आपण शेवाळ वाढवू या.

हे मी उगाच सांगितलं नव्हतं. आमचं गाव भिवंडीजवळ, वळ गावाच्या बाजूला, गोदामांच्या पट्ट्यात. माझं लग्न झालं तेव्हा घराच्या तिन्ही बाजूंना भाताची खाचरं होती. आता तिन्ही बाजूंना निळे पत्रे आहेत. आमचीही जमीन गेली. उरलं ते घर, घरामागचा गोठा आणि गोठ्यातल्या सासूबाईंच्या पाच म्हशी. नवरा एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो आणि मी दुसऱ्या गोदामात खोक्यांवर बारकोडची बंदूक चालवते. मी बॉटनी घेऊन बी.एस्सी. झालेली आहे. खोकं पुठ्ठ्याचं, पुठ्ठा झाडाचा, एवढाच माझ्या शिक्षणाचा आणि ड्युटीचा संबंध.

गोठा रोज दोनदा धुतला जातो. शेण आम्ही उचलतो, ते उकिरड्यावर जातं, त्याची तक्रार नाही. पण मूत आणि राहिलेलं शेण मिळून जे धुवण होतं, कडक चहाच्या रंगाचं, ते गटारातून वाहत पुढच्या नव्या गोदामाच्या गेटसमोर जाऊन थांबायचं. पूर्वी ते तिथे थांबत नव्हतं, खाचरात जायचं आणि भात डोलायचा. गोदामवाल्यांनी भराव टाकून रस्ता उंच केला आणि आमच्या धुवणाचा पुढचा मार्गच खुंटला. मग ते बिचारं गेटसमोर डबकं करून बसायचं, त्यावर डास यायचे आणि वास असा सुटायचा की ट्रक ड्रायव्हर काचा वर करून कागद दाखवायचे.

शेवटी एक दिवस सरपंच आले. हे माझ्या नवऱ्याचे लांबचे काका लागतात. माणूस सज्जन, आवाज मऊ, पण मिशी मात्र भारी. ती दोन्ही गालांवर अशी पसरलेली, की आधी मिशी घरात येते आणि मागून सरपंच येतात.

"वहिनी," ते सासूबाईंना म्हणाले, "गोदामवाल्यांची तक्रार आलीय. ग्रामसभेत विषय घ्यावा लागनार. एक तर ते पानी बंद करा, न्हाय तर म्हशी हलवा. माझा नाइलाज हाय."

"पानी बंद करू म्हंजे काय करू?" सासूबाई म्हणाल्या. "म्हशींना सांगू काय, ग्रामसभा हाय, मुतू नका?"

सरपंचांनी चहा घेतला, मिशी पुसली आणि ते गेले. नवऱ्याने लगेच नेहमीचं सुरू केलं, की विकून टाकू, आई, किती दिवस कष्ट करणार, आता आराम कर. सासूबाई उठून मागे गेल्या. थोड्या वेळाने मी गोठ्यात गेले, तर त्या एका म्हशीच्या पाठीवर हात ठेवून नुसत्या उभ्या होत्या.

"म्हशी गेल्या तर मी काय करू गो?" त्या मला म्हणाल्या. "पहाटे उठून कुठं जाऊ? दारात बसून ट्रक मोजू?"

ही बाई माझ्याशी कधी असं बोलत नाही. माझ्याशी ती मीठ जास्त झालं आणि झाडू उभा का ठेवला याच विषयांवर बोलते. मला एकदम भरून आलं, आणि भरून आलं की मी काहीतरी बोलून बसते. मी म्हणाले, "आई, ते पाणी स्वच्छ करता येईल. शेवाळानं."

मग मी कॉलेजातलं आठवेल तसं सांगितलं. हे दगडावरचं बुळबुळीत शेवाळ नव्हे, त्याहून बारीक, एकेक दिसत नाही असं. डबक्यातलं पाणी हिरवंगार दिसतं ते त्याच्यामुळे. आपल्या धुवणात खत ठासून भरलंय. ते गटारात सडलं की वास मारतं. पण तेच उथळ टाकीत उन्हाला ठेवलं आणि त्यात हे शेवाळ सोडलं, तर ते खत शेवाळ खातं, वास जातो, आणि शेवाळ गाळून घेतलं की उरलेलं पाणी भाजीला घालता येतं.

सासूबाईंनी म्हशीच्या पाठीवरचा हात काढून कमरेवर ठेवला. "मी सारा जलम शेवाल घासत आली," त्या म्हणाल्या, "आनि तू मना सांगतंस शेवाल वाढवा? ह्यापायी शिकलीस?"

पण दुसरा उपाय कुणाकडेच नव्हता, त्यामुळे माझ्या उपायाला विरोध करायलाही कुणी नव्हतं.

पहिलं काम हिरवं पाणी मिळवण्याचं. मी सुट्टीच्या दिवशी बाटल्या घेऊन गावभर फिरले. बोअरवेलच्या पाझराशी, शाळेच्या मागच्या टाक्याशी, जिथे जिथे पाणी हिरवं दिसेल तिथे वाकून बाटली भरायची, उन्हात धरून बघायची आणि पिशवीत टाकायची. गाव हे सगळं बघत होतं. संध्याकाळी माझी एक चुलतसासू घरी आली आणि सासूबाईंना कोपऱ्यात घेऊन कुजबुजली, की सुनेला दिवस गेलेत काय? सासूबाई म्हणाल्या, तसं काही नाही. त्यावर ती म्हणाली, "न्हाय, मातीचे डोहाले ऐकलेत, पन डबक्याचे पयल्यांदाच बघते."

दुसरं काम टाकीचं. टाकी उथळ पाहिजे, वीतभरच खोल, म्हणजे ऊन तळापर्यंत जातं. नवऱ्याने विटांची चौकट मांडली आणि आत अंथरायला चौकातून एक जुनं फ्लेक्स आणलं. चांगलं जाड, न फाटणारं. उलगडलं तर ते सरपंचांच्या मागच्या वाढदिवसाचं निघालं. हात जोडलेले सरपंच, मागे उगवता सूर्य आणि चेहऱ्याच्या मधोमध ती मिशी, माझ्या हाताएवढी.

"पालथं घाल," मी म्हणाले.

"काय बोलतेस?" नवरा म्हणाला. "काका तोंडावर पडलेले दिसतील. बरं दिसतं का ते?"

म्हणून सरपंच आमच्या टाकीच्या तळाशी उताणे झाले, आकाशाकडे हसत.

तिसरं काम पाणी ढवळण्याचं. माझं माहेर भिवंडीत, लूमच्या गल्लीत. बाबांनी सगळा जन्म लूमवर काढला आणि आता त्या गल्लीतले लूम एकेक करून भंगारात चाललेत. बाबांनी अशाच एका लूमची मोटर आणून दिली, नवऱ्याने तिला पंख्याची पाती लावली. पण त्या मोटरला जन्मभर धावायची सवय. बटण दाबताच तिने अर्ध्याहून जास्त टाकी उपसून भिंतीवर आणि सासूबाईंवर उडवली. सासूबाई त्या वेळी नुकत्याच अंघोळ करून देवाला फुलं काढत होत्या. त्यानंतर आम्ही मोटर परत केली आणि बांबूने ढवळू लागलो.

पहिल्या खेपेला सगळं शेवाळ मेलं. मी उत्साहाच्या भरात धुवण तसंच्या तसं ओतलं होतं. ते इतकं उग्र होतं की शेवाळानेही मान टाकली, पाणी काळं पडलं आणि घराच्या मागच्या बाजूला उभं राहवेना. सासूबाईंनी माझ्याकडे बघून नाकाला पदर लावला आणि तो जेवेपर्यंत काढला नाही. दुसऱ्या खेपेला मी धुवण आधी खड्ड्यात निवळू दिलं, मग त्यात भरपूर पाणी घालून फिकं केलं आणि मग हिरव्या बाटल्या ओतल्या. चार-पाच दिवस काही झालं नाही. मग एके सकाळी पाण्यावर हिरवी झाक आली आणि बघता बघता ती दाट होत गेली.

दाट झालंय की नाही हे ओळखायला कॉलेजात यंत्र होतं. आमच्याकडे सरपंच होते. पाणी हिरवं होत जाई तसतसे ते बुडत जात. आधी उगवता सूर्य जाई, मग जोडलेले हात, मग डोळे. सगळ्यात शेवटी मिशी. ती काळी आणि जाड असल्याने बराच वेळ टिकाव धरायची. मिशी दिसेनाशी झाली की शेवाळ काढायचं, असा आमचा हिशोब बसला. मी ड्युटीवर असताना सासूबाई फोन करून एवढंच सांगायच्या, "मिशी गेली," आणि फोन ठेवायच्या. माझ्या शेजारी खोकी स्कॅन करणारी मुलगी एकदा म्हणाली, की तुझ्या सासूने सासऱ्यांची मिशी किती वेळा काढलीय?

काढायचं म्हणजे बाबांकडून आणलेल्या मांजरपाटात ते पाणी ओतायचं आणि फडकं टांगून ठेवायचं. दह्याचा चक्का टांगतात तसंच. फडक्यात हिरवा गोळा उरे, तो सासूबाई वांग्यांच्या मुळाशी घालत. खालचं पाणीही भाजीलाच जाई. हे सगळं त्या नाकाला पदर लावून आणि मला शिव्या घालत करायच्या. त्याला शेवाळ म्हणायच्या नाहीत, 'तुझी घान' म्हणायच्या. वांगी तुकतुकीत झाली तेव्हा म्हणाल्या, माझ्या हाताला गुण आहे. बरं म्हटलं, असेल.

असं ठीक चाललेलं असताना सरपंचांचा निरोप आला. पंचायत समितीचे साहेब शनिवारी येऊन टाकी बघणार, बरोबर गोदामाचे मॅनेजर असणार. साहेब सांगतील तसं ग्रामसभेत ठरेल. पाणी सुधारतंय असं त्यांना पटलं तर म्हशी राहतील, नाहीतर हलवायच्या.

त्या शनिवारी मला सकाळची शिफ्ट होती, अर्ध्या दिवसाने सुटणार होते. आदल्या दिवशी बघितलं तर टाकी सुरेख झाली होती, हिरवी कंच, मिशीचा पत्ता नव्हता. मी निघताना सासूबाईंना म्हणाले, "पाहुणे येणार आहेत, जरा नीटनेटकं ठेवा." हे वाक्य मराठी घरात रोज कुणी ना कुणी बोलतं. मी गोठ्यासमोरच्या बादल्या, चपला, वाळत घातलेले कपडे यांच्याबद्दल बोलले होते.

दुपारी स्कूटीवरून वळणावर आले तेव्हा लांबूनच रांगोळी दिसली. दारात नव्हे, टाकीभोवती. जवळ गेले तर ब्लीचिंग पावडरचा वास. टाकी काठोकाठ भरलेली, पाणी असं नितळ की फ्लेक्सची सुरकुती दिसावी. तळाशी सरपंच हात जोडून स्वच्छ हसत होते, मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. पाण्यावर झेंडूची फुलं सोडलेली, ती वाऱ्याने सरकत सरकत बरोबर चेहऱ्याभोवती जमली होती. काठावर उदबत्ती लावलेली. आणि सासूबाई नि त्यांच्या दोन जावा साड्या बदलून, घाम पुसत, कौतुकाच्या अपेक्षेने माझ्याकडे बघत उभ्या होत्या.

मी जे ओरडले ते इथे लिहिण्याजोगं नाही. दोन्ही चुलतसासवा घरात पळाल्या. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. "मानसं येनार आनि त्यांना घान दाखवू?" त्या म्हणाल्या. "लोक काय म्हनतील मना?"

"अहो, ती घाणच बघायला येतायत ते!" मी म्हणाले. मला रडू येत होतं. गोठ्यात म्हशी धुऊन काळ्याभोर चमकत होत्या, शिंगांना तेल, कपाळाला हळदकुंकू. त्यांचीही पाहुण्यांसाठी सजावट, असं मला वाटलं आणि आणखी राग आला.

तेवढ्यात जीप आली, आणि जीपच्या मागोमाग ड्युटीवरून नवरा.

सगळ्यात आधी सरपंच टाकीजवळ पोहोचले. त्यांनी खाली पाहिलं. खालून त्यांनीच वर पाहिलं. झेंडू, उदबत्ती, मधे स्वतःचा हसरा फोटो. त्यांच्या मिशीची दोन्ही टोकं हळूहळू खाली आली.

"वहिनी," ते म्हणाले, "मी अजून जिता हाय."

साहेब मात्र खूश दिसले. शांत, पिकल्या केसांचे गृहस्थ होते. त्यांनी वाकून पाणी पाहिलं, बोट बुडवून पाहिलं. "वा," ते म्हणाले, "इतकं स्वच्छ होतं?"

"कमाल है," मॅनेजर म्हणाले. "ये सब गोबर का पानी था?"

नवऱ्याने माझ्या पायावर पाय ठेवला आणि दाबला. त्याचा अर्थ मला कळला. गप्प बसायचं होतं, एवढंच. गप्प बसलं की म्हशी राहणार होत्या. मी गप्प बसलेही असते, पण सासूबाईंना ते सहन होईना. सकाळपासून कंबर मोडेपर्यंत घासायचं आपण आणि श्रेय जायचं शेवाळाला!

"त्याच्यानं कसलं साफ व्हतंय?" त्या पुढे येऊन म्हणाल्या. "मी घासलंय ते. मी आनि माझ्या जावांनी. ही सगली घान काढून टाकली, पावडर मारली, न मंग बोअरचं पानी भरलं."

नवऱ्याने माझ्या पायावरचा पाय काढून घेतला.

"म्हणजे शेवाळ?" साहेबांनी विचारलं.

"दिलं गटारात सोडून."

"मग मला दाखवायला काय आहे?"

दाखवायला काहीच नव्हतं. सरपंचांनी टोपी काढून परत घातली. "वहिनी," ते म्हणाले, आणि त्यांचा मऊ आवाज आणखी मऊ झाला, "मंग म्हशींचं बघावं लागंल."

सासूबाईंनी एकदा गोठ्याकडे पाहिलं. "बघा," त्या म्हणाल्या. "पन आधी बसा. माझ्या दारातून कुनी उपाशी जात न्हाय." आणि भजी तळायला आत गेल्या.

आम्ही अंगणात खुर्च्यांवर बसलो. मी टाकीकडे पाठ करून बसले, कारण ते हसू मला बघवत नव्हतं. भजी आली, कांद्याची, गरम. नवरा काहीतरी करायला मिळालं म्हणून उठला, आत जाऊन फ्रिजमधून हिरव्या चटणीची वाटी घेऊन आला आणि साहेबांसमोर ठेवली. साहेबांनी एक भजं उचललं, वाटीत चांगलं घोळवलं आणि तोंडाकडे नेलं.

"खाऊ नका!"

सासूबाई हातात झारा घेऊन दारातून धावत आल्या आणि त्यांनी साहेबांचं मनगट धरलं. सरकारी माणसाचं मनगट आमच्या गावात याआधी कुणी धरलं नसावं. भजं उडून सरपंचांच्या मांडीवर पडलं.

"चटनी न्हाय ती!" सासूबाई म्हणाल्या. "विरजन हाय!"

मी वाटी उचलली. वास घेतला. ओळखीचाच वास होता, ओल्या मातीचा आणि गवताचा. फडक्यातून निथळलेला तो हिरवा गोळा, थोडं पाणी घालून सैल केलेला, नीट झाकणीखाली फ्रिजमध्ये ठेवलेला. दुधाच्या पातेल्याशेजारी. त्या फ्रिजमध्ये मला लसणाची पेस्टसुद्धा ठेवू देत नाहीत, दुधाला वास लागतो म्हणून.

"कसलं विरजण?" साहेबांनी आपलं मनगट तपासत विचारलं.

मग माझ्या सासूबाईंनी साहेबांना शेवाळ समजावून सांगितलं. धुवण म्हणजे दूध, असं धरा. हे त्यात टाकलं की ते जिवंत होतं आणि धुवणातली घाण खातं, आणि खाऊन खाऊन जाड होतं, आमच्या धाकट्या जावेसारखं. दिवसा ऊन खातं, रात्री झोपतं. ढवळलं नाही तर रुसतं. धुवण जास्त कडक झालं तर मरतं, ते आमच्या सुनेनं एकदा करून बघितलंय. यातल्या निम्म्या गोष्टींना बॉटनीत आधार नाही. पण मी कधी इतकं सोपं सांगू शकले नव्हते आणि साहेब पुढे वाकून ऐकत होते.

"आणि तयार झालं हे कसं कळतं?"

"मिशी गेली का झालं."

"कुणाची मिशी?"

सगळे सरपंचांकडे बघू लागले. सरपंच मांडीवरचं भजं उचलून खात होते. त्यांचा घास तिथेच थांबला.

साहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं, बोअरचं. हसू ओसरल्यावर त्यांनी मॅनेजरांना विचारलं, की गेटवर वास अजून येतो का, खरं सांगा.

मॅनेजरांनी विचार केला. "सच बोलूँ तो इधर कुछ दिन से नहीं है," ते म्हणाले. "हमको लगा हवा बदली है. बस आज सुबह हरा-हरा कुछ आया था."

"ते मी सोडलेलं," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या.

साहेब उठले. "तुमच्या विरजणाला किती वेळ लागतो?"

"ऊन आसंल तर आठ-दहा दिस."

"मग मी त्यानंतर येतो. तोवर म्हशी इथेच राहू द्या, सरपंच. आणि आजी, हात जोडून सांगतो, काही घासू नका."

ते गेल्यावर मी ते ब्लीचिंगचं पाणी उपसलं, फ्लेक्स दोनदा धुतलं, साधं पाणी उन्हात ठेवलं, त्यात धुवण फिकं करून घातलं आणि वाटीतलं विरजण सोडलं. फ्रिजमधल्या गारठ्याने ते मेलं असेल, अशी मला धास्ती होती. रोज सकाळी अंघोळीच्याही आधी मी जाऊन बघायचे, आणि रोज सरपंच ठणठणीत दिसायचे. सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहायच्या. आम्हाला दोघींना एकच माणूस एकाच वेळी इतका नकोसा कधी झाला नव्हता. मग एके सकाळी त्यांच्या मागचा सूर्य जरा मळकट वाटला. मी म्हणाले, भास असेल. सासूबाई म्हणाल्या, "भास न्हाय. मी शेवाल जलमभर बघितलंय." दुसऱ्या दिवशी जोडलेले हात अंधुक झाले.

साहेब आले त्या दिवशी मिशी पूर्ण गेली होती. सरपंच नाकाला रुमाल लावूनच आले होते, कारण आता स्वच्छ पाणी दाखवणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. टाकीच्या काठाशी उभे राहिले, रुमाल जरा खाली घेतला, मग आणखी खाली घेतला आणि मग घडी घालून खिशात ठेवला. साहेबांनी ढवळायचा बांबू स्वतः हातात घेऊन पाहिला. ग्रामसभेत विषय आला तेव्हा सरपंच म्हणाले, की गोठ्याचं पाणी आता रस्त्यावर येत नाही, तर म्हशी हलवायचा प्रश्नच कुठे येतो, पुढचा विषय घ्या. पुढचा विषय दिव्यांच्या खांबांचा होता. सासूबाई घरी आल्या त्या सरळ गोठ्यात गेल्या.

त्याच संध्याकाळी ती चुलतसासू, डोहाळेवाली, वाटी घेऊन आली. तिच्याही दारात दोन म्हशी आहेत आणि नाक मुरडणारा शेजार आहे. सरपंचांनी तिला या वर्षीचं नवीन फ्लेक्स दिलं होतं, तोंड वर ठेवायच्या अटीवर. तिला विरजण हवं होतं.

"दिवेलागन झाली," सासूबाई म्हणाल्या. "या वक्ताला विरजन देत न्हाईत. सकाली ये."

ती गेल्यावर मी गोठ्याच्या दाराशी बसले. सासूबाई धार काढत होत्या. मला बरेच दिवस एक विचारायचं होतं.

"आई, त्या दिवशी खरंच तुम्हाला कळलं नव्हतं, की त्यांना हिरवं पाणीच दाखवायचंय?"

भांड्यात धारेचा आवाज येत राहिला.

"कललं व्हतं," त्या म्हणाल्या. "पन सायब लोक यायचे म्हंजे ठरवूनच यायचे, आसं वाटलं. जमीन गेली तवा पन आसेच जीपमधून आलते. म्हटलं, आज ह्या जानार. म्हून म्हशींना न्हाऊ घातलं, तेल लावलं. लेक सासरी धाडताना घर सारवतात का न्हाय? तसं सगलं घासून काढलं. जाताना चांगल्या घरातून जाऊ देत, म्हटलं."

मला त्या शिंगांचं तेल आठवलं आणि मी काय ओरडले होते तेही आठवलं.

"मग वाटी का ठेवलीत?" मी विचारलं. "म्हशी जाणारच होत्या तर?"

त्यांनी हात थांबवून माझ्याकडे पाहिलं, मी मीठ जास्त घातल्यावर बघतात तसं.

"येडी काय गो तू?" त्या म्हणाल्या. "विरजन कुनी सगलं धुवून टाकतं काय?"

आणि त्यांनी पुन्हा धार काढायला सुरुवात केली.